आधी पेपर अंथरा, मग चावा

प्रश्न: ‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’ हा न्यूझीलंडचा सिनेमा मित्रांच्या आग्रहाखातर पाहिला. फोनवर, तुकड्यातुकड्यानं. भीती वाटली नाही, हसूही दोन-तीनदाच आलं. सगळं हौशी नाटकासारखं स्वस्तातलं वाटलं. दुसऱ्या दिवशी तर धड काही आठवेना. लोक याला एवढं डोक्यावर का घेतात? असे सिनेमे पाहायचे तरी कसे?

उत्तर:

स्वस्तातला आहेच तो. साधारण १६ लाख अमेरिकी डॉलरमध्ये बसवलेला सिनेमा आहे आणि ते जागोजाग दिसतं. तुमचं निरीक्षण अचूक आहे, तुम्ही ते फक्त तक्रारीच्या रकान्यात टाकलंय. मी गेली बावीस वर्षं संकलक म्हणून काम करतोय. त्यातली निम्मी विनोदी सिनेमांवर गेली, आणि मधूनमधून रसास्वादाच्या वर्गात हे शिकवतोही. त्यामुळे माझं उत्तर टेबलावर बसून सिनेमा कापणाऱ्या माणसाचं असेल. समीक्षक कदाचित वेगळं सांगतील.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट दोन ओळींत. वेलिंग्टन शहरात चार रक्तपिपासू एकाच घरात भाड्यानं राहतात आणि एक माहितीपटवाले त्यांचं रोजचं जगणं टिपतायत. व्हियागो ३७९ वर्षांचा, व्लादिस्लाव ८६२ चा, डीकन १८३ चा म्हणून घरातला ‘तरुण बंडखोर’, आणि तळघरात दगडी पेटीत झोपणारा पीटर ८००० वर्षांचा. पुढे निक नावाचा एक आजचा पोरगा चावला जाऊन यांच्यात सामील होतो आणि आपल्या स्टू नावाच्या साध्यासुध्या माणूस-मित्राला घरी घेऊन येतो. बस्स. तायका वायटिटी आणि जेमेन क्लेमंट या दोघांनी तो लिहिला, दिग्दर्शित केला आणि दोघांनी त्यात कामंही केली: वायटिटी व्हियागो, क्लेमंट व्लादिस्लाव. आधी २००५ मध्ये याच कल्पनेवर त्यांनी लघुपट केला होता. पूर्ण लांबीचा सिनेमा आला २०१४ मध्ये.

आता हसू नक्की कुठे दडलंय ते बघू. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१८९७ साली ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ आली. तिच्या सुरुवातीला जोनाथन हार्कर हा तरुण वकील ट्रान्सिल्व्हेनियातल्या वाड्यात पाहुणा म्हणून उतरतो. जेवण उत्तम, भांडी सोन्याची, पण एवढ्या मोठ्या वाड्यात नोकर एकही दिसत नाही. एकदा तो आपल्या खोलीकडे येतो, तर काउंट स्वतः त्याचं अंथरूण घालतोय. नंतर दाराच्या बिजागरीच्या फटीतून दिसतं, की जेवणाचं टेबलही तोच मांडतोय. हार्करची पाचावर धारण बसते, कारण याचा अर्थ वाड्यात दुसरं कोणीच नाही. मी मात्र हा भाग वाचताना दरवेळी हसतो. शतकानुशतकं जगलेला, लढाया मारलेला सरदार, आणि चादरीच्या सुरकुत्या काढतोय! पाहुण्याला कळू नये म्हणून चोरून!

स्टोकरनं ते विनोदासाठी लिहिलं असं मी म्हणणार नाही. पण मुद्दा बघा. अमर माणूस म्हटला तरी घर आलं, घर म्हटलं की झाडलोट आली, आणि ती कोणीतरी करावीच लागते. या सिनेमातलं पहिलं मोठं भांडण भांड्यांवरून आहे. घरकामाच्या वाटणीचं चक्र भिंतीवर लावलेलं आहे आणि डीकननं पाच वर्षं भांडी घासलेली नाहीत. सिंकमध्ये रक्तानं माखलेल्या ताटल्यांचा ढीग पडलाय. हा प्रसंग पाहताना पुष्कळांना वाटतं, की दंतकथेची टर उडवली जातेय. मला तसं वाटत नाही. दंतकथा फार बारकाईनं वाचून, हार्करनं बघितली त्याच फटीतून आत डोकावून, हे लिहिलंय.

हीच या सिनेमाची किल्ली आहे असं मी मानतो. तो रक्तपिपासूंचे नियम मोडत नाही, वाकवत नाही, त्यांची खिल्ली उडवत नाही. ते सरकारी परिपत्रकासारखे अक्षरशः पाळतो आणि पाळताना काय काय अडचण होईल तेवढंच दाखवतो.

एक एक नियम घ्या. आमंत्रणाशिवाय उंबरठा ओलांडता येत नाही, हा नियम स्टोकरच्या कादंबरीतही आहे. ठीक. मग शनिवारी रात्री क्लबात जायचं कसं? तर हे तिघं नटूनथटून बाउन्सरपुढे उभे राहून त्याला ‘आम्हाला आत बोलवा ना’ म्हणून गळ घालतात, आणि तो ढिम्म. आरशात प्रतिबिंब पडत नाही. मग कपडे कसे दिसतायत ते कळणार कसं? तर एकमेकांची चित्रं काढून दाखवतात. रक्ताशिवाय काही पचत नाही. मग निक सवयीनं बटाट्याची चिप खातो आणि पुढे जे होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. प्रत्येक वेळी सूत्र तेच: जुना नियम, आजची जागा, आणि मध्ये अडकलेला एक गोंधळलेला माणूस. खर्च? एक दार, एक कागद, एक चिप.

सूर्यप्रकाशाचा नियम मला सगळ्यांत आवडतो, कारण त्याचा जन्मच स्वस्त सिनेमात झालाय. कादंबरीतला ड्रॅक्युला भर दिवसा लंडनच्या रस्त्यावर फिरतो. त्याची ताकद तेवढी कमी झालेली असते. उन्हानं रक्तपिपासू मरतो ही गोष्ट रुजवली १९२२ च्या ‘नोस्फेरातू’नं. हा जर्मन मूकपट स्टोकरच्या कादंबरीवरून, पण हक्क न घेता काढलेला. नावं बदलली, ड्रॅक्युलाचा काउंट ऑर्लॉक झाला. स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स कोर्टात गेली आणि कोर्टानं सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. काही प्रती वाचल्या म्हणून आज आपण तो बघतो. त्याच्या शेवटी ऑर्लॉक खिडकीतून आलेल्या सकाळच्या उजेडात विरून जातो. विरून जातो म्हणजे काय, तर एक साधा डिझॉल्व्ह: माणूस असलेलं चित्र हळूहळू पुसट आणि माणूस नसलेलं चित्र हळूहळू ठळक. आम्ही संकलक रोज करतो ते. या चार पैशांच्या युक्तीला नंतर शंभर वर्षं सगळ्यांनी निसर्गनियम मानलं. त्यामुळे रक्तपिपासूंच्या बाबतीत ‘स्वस्तातलं’ या शब्दानं मी तरी नाक मुरडत नाही.

आता तुमच्या वेलिंग्टनच्या घराकडे पुन्हा बघा. सिनेमाच्या पहिल्याच मिनिटांत संध्याकाळी सहाचा अलार्म वाजतो. शवपेटीतून एक हात बाहेर येऊन तो बंद करतो, आणि मग व्हियागो आडव्याचा उभा होतो. कंबर न वाकवता, फळी उचलावी तसा ताठ. हे उठणं म्हणजे १९२२ मध्ये जहाजाच्या तळाशी ऑर्लॉक उठला होता तेच. तेव्हा लोक घाबरले असणार. इथे व्हियागो उठून कॅमेऱ्याकडे बघत ओशाळं हसतो आणि बाहेर नीट अंधार पडलाय ना हे पडद्याआडून तपासतो. भीतीचं एक चित्र आहे तसं उचललंय आणि त्याच्यापुढे फक्त एक संकोच जोडलाय. तळघरातला पीटर तर टक्कल, लांब नखं, उंदरासारखे पुढचे दात घेऊन थेट ऑर्लॉकच आहे. व्लादिस्लाववर १९९२ च्या ‘ड्रॅक्युला’तल्या गॅरी ओल्डमनची सावली आहे, लेसच्या कफांतला हळवा व्हियागो त्याच दशकातल्या नाजूक, दुःखी रक्तपिपासूंच्या कुळातला वाटतो, आणि निक तर पोरींपुढे आपणच ‘ट्वायलाइट’मधले आहोत अशी फुशारकी मारत सुटतो. एका छताखाली नव्वद वर्षांचा सिनेमा राहतोय आणि भांडी कोणी घासायची यावरून भांडतोय. हे संदर्भ माहीत नसले तरी अडत नाही. माहीत असले तर मजा दुप्पट होते एवढंच.

आता त्या पेपरच्या प्रसंगाकडे येतो. वर्गात मी हा प्रसंग थांबवून थांबवून दाखवतो.

व्हियागोनं एका तरुणीला घरी आणलंय. तो कॅमेऱ्याला सांगतो, की तिची शेवटची वेळ आहे तर ती चांगली जावी असं मला वाटतं. मग ती सोफ्यावर बसून बोलत असताना तो अगदी सहज, यजमानाच्या अदबीनं, तिच्या आजूबाजूला वर्तमानपत्र पसरतो. जमिनीवर, सोफ्यावर, जमेल तिथे. ती बघते, तिला काही कळत नाही, तरी ती बोलत राहते. आपण मात्र जाणतो. मग तो चावतो, नेमकी मोठी शीर लागते आणि कारंजं उडतं. पेपर जिथे आहे तिथे सोडून सगळीकडे.

यात रक्ताचं कारंजं हा विनोद नाही. कारंजं कोणालाही उडवता येतं. नळी, पंप आणि लाल पाणी लागतं. विनोद पेपर पसरण्यात आहे. त्या एका कृतीतून माणूस उभा राहतो: हा टापटिपीचा आहे, हा मनानं वाईट नाही, घर खराब झालं की आपल्यालाच पुसावं लागतं हे याला अनुभवानं ठाऊक आहे, आणि एवढं सगळं असून हा तिला मारणारच आहे. कारंजं येतं तेव्हा आपण हसतो ते त्याच्या फसलेल्या नियोजनाला. संकलक म्हणून माझं लक्ष पेपर पसरण्याच्या शॉटच्या लांबीकडे जातं. तो लांब आहे. नवखा माणूस दोन पेपर दाखवून कट करेल, कारण ‘कळलं की’. इथे तो तिसरा, चौथा कागद सरळ करेपर्यंत आपल्याला थांबवलंय. कळल्यानंतरचे जे दोन-तीन सेकंद असतात, त्यांत प्रेक्षक अस्वस्थ होतो, आणि त्या अस्वस्थपणावरच हसू पिकतं.

फोनवर तुकड्यातुकड्यानं पाहिलंत म्हणून तुमचं नुकसान झालं ते इथे. या सिनेमातले विनोद वाक्यांमध्ये कमी आणि वाक्यांनंतरच्या शांततेत जास्त आहेत. छोट्या पडद्यावर, आजूबाजूला गोंगाट असताना, शांतता म्हणजे ‘काहीच होत नाहीये’ असं वाटतं आणि अंगठा पुढे सरकवायला शिवशिवतो.

हे बनलं कसं हे ठाऊक असलं तर पाहण्यात फरक पडतो, म्हणून थोडं त्याबद्दल. पटकथा पूर्ण लिहिलेली होती, पण नटांना ती वाचायला दिली नव्हती. प्रसंग काय आहे ते सांगायचं आणि बोलायला सोडायचं. असं करत सुमारे १२५ तासांचं फुटेज जमा झालं. सिनेमा आहे साधारण ८६ मिनिटांचा. हिशेब करा: दर ८७ मिनिटांतलं एक मिनिट ठेवलं, ८६ फेकली. टॉम ईगल्स, याना गोर्स्काया आणि जोनाथन वुडफर्ड-रॉबिन्सन असे तीन संकलक यावर होते, आणि मला त्या तिघांचा हेवाही वाटतो आणि दयाही येते. उत्स्फूर्त बोलण्याचं फुटेज म्हणजे धान्यातले खडे निवडण्यापेक्षा वाईट. चाळीस मिनिटांच्या टेकमध्ये सोन्यासारखी अकरा सेकंदं असतात आणि ती नेमकी कोणीतरी हसून बिघडवलेली असतात.

तिथे माहितीपटाचा बाज कामी येतो. नेहमीच्या सिनेमात एकाच प्रसंगातली दोन टोकाची वाक्यं जोडायची तर कपड्यांची, हातांची, नजरेची सुसंगती सांभाळावी लागते. माहितीपटात मध्येच त्या माणसाची मुलाखत लावता येते, एखाद्या जुन्या चित्रावर जाता येतं, सरळ उडी मारून पुढे जाता येतं, आणि प्रेक्षक कुरकुरत नाही. कॅमेरा उशिरा पोचला, कोणाच्या पाठीमागून अर्धवट दिसलं, फोकस चुकला, सगळं चालतं. उलट खरं वाटतं. सुरुवातीलाच पाटी येते, की चित्रीकरण करणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात क्रॉस होता आणि त्यांना न खाण्याचं अभय मिळालं होतं. या एका पाटीनं एक मोठी तार्किक अडचण मिटवली: कॅमेरावाल्यांना हे लोक चावत का नाहीत? पुन्हा खर्च शून्य.

रात्रीचंही तसंच. नवख्यांना वाटतं अंधार फुकट असतो. तो सगळ्यांत महाग असतो. रात्रीचा रस्ता पडद्यावर ‘अंधारा’ दिसावा म्हणून दिव्यांची गाडी उभी करावी लागते. पण माहितीपटवाल्याच्या कॅमेऱ्यावर एकच दिवा असला आणि त्यापलीकडे काळंकुट्ट असलं तरी कोणी जाब विचारत नाही. शेवटाकडचा लांडगामानवांचा हल्ला आठवा. काय दिसतं? झाडं, धावणारे पाय, एखादा दात, किंकाळी. बाकी आपण आपल्या डोक्यात बघतो. त्या लांडग्यांबद्दल मला जास्त जिव्हाळा आहे, का ते माहीत नाही. ऱ्हीस डार्बीनं केलेला त्यांचा म्होरक्या आपल्या टोळीला शिवीगाळ न करण्याची ताकीद देतो आणि पौर्णिमेला पँट फाटू नये म्हणून सैल कपडे घालायला सांगतो. वर्गशिक्षकच जणू.

आणि स्टू. सिनेमातल्या स्टूचं काम करणारा स्टू रदरफर्ड हा व्यवसायानं नट नव्हता. संगणकाच्या क्षेत्रातला, या मंडळींचा मित्र. आपली भूमिका किती मोठी आहे याची त्याला धड कल्पनाही दिलेली नव्हती. त्यामुळे रक्तपिपासू त्याच्याभोवती फुसफुसत असताना त्याचा चेहरा जसा असायला हवा तसाच आहे: थोडा लाजरा, थोडा लालबुंद, विनम्र. तो त्यांना इंटरनेट शिकवतो, आणि शतकानुशतकं सूर्य न पाहिलेले हे लोक पडद्यावर सूर्योदय बघतात. दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा गर्दीच्या प्रसंगांत बोलणाऱ्याकडे बघू नका, स्टूकडे बघा.

इथे माझ्या स्वतःच्या एका जखमेवरची खपली काढतो. काही वर्षांपूर्वी मी एक छोटा भुताटकीचा विनोदी सिनेमा कापत होतो. पैसे बेताचेच. नायकाचे सुळे इतके साधे होते, की ‘स’ म्हणताना ‘श’ ऐकू यायचं आणि ते जिभेनं दाबून धरावे लागायचे. एका टेकमध्ये तो मुलीच्या वडिलांसमोर चहा पिताना डावा सुळा कपात पडला. नट मुरलेला होता. तो थांबला नाही. त्यानं शांतपणे बोट घालून सुळा काढला, रुमालाला पुसला, परत बसवला आणि वाक्य पूर्ण केलं. समोरचे ज्येष्ठ नटही पापणी न हलवता ऐकत राहिले. मी तो टेक जसाच्या तसा लावला. निर्मात्यानं बघितलं आणि म्हणाला, ‘लोक म्हणतील यांच्याकडे दातांनाही पैसे नव्हते.’ टेक काढला. त्याच्या जागी चांगला, स्वच्छ टेक लावला आणि वर ढणढणाट संगीत. सिनेमा आला, गेला. त्या सुळ्याची हळहळ मला अजून आहे. लोक तेच म्हणाले असते, आणि तेच म्हणत हसले असते.

दातांवरून दुसरा एक सिनेमा आठवतो, तो तुम्ही याच्यानंतर जरूर पाहा, पण जरा जपून. १९८८ चा ‘व्हॅम्पायर्स किस’. हाही कमी खर्चातला. निकोलस केज यात न्यूयॉर्कमधला पीटर लो नावाचा साहित्यिक एजंट आहे. एका रात्री एक बाई आपल्याला चावली आणि आपण रक्तपिपासू होतोय अशी त्याची खात्री पटते. गंमत अशी, की त्याला सुळे काही फुटत नाहीत. मग तो दुकानात जातो. चांगले दात खिशाला परवडत नाहीत, म्हणून मुलांच्या वेशभूषेचे प्लास्टिकचे दात घेतो आणि तेच तोंडात घालून शिकारीला निघतो. शवपेटी नाही म्हणून घरातला सोफा उपडा करून त्याखाली झोपतो. आरशात त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसत नाही, आपल्याला मात्र स्वच्छ दिसत असतं.

वेलिंग्टनच्या घरात नियम खरे आहेत आणि माणसं साधी. इथे नियम एकही खरा नाही आणि माणूस तो ओढूनताणून पाळतोय. केजनं यात जिवंत झुरळ खाल्लं, खरंखुरं, आणि बहुतेक लोक या सिनेमाबद्दल तेवढंच बोलतात. मला झुरळापेक्षा त्या प्लास्टिकच्या दातांचं जास्त वाटतं. स्वस्त वस्तू पडद्यावर स्वस्त म्हणूनच आलीय, आणि त्या पात्राची सगळी दीनवाणी धडपड तिच्यात मावलीय. जपून एवढ्यासाठी म्हणालो, की ऑफिसातल्या ॲल्वा या सहकारी मुलीचा तो जो छळ करतो तो पुढे फार क्रूर होत जातो, तिच्यावरचा अत्याचार बघवत नाही, आणि तिथे हसणं घशात अडकतं. मला तो सिनेमा मोठा वाटतो. प्रत्येकाला तो बघ म्हणून मात्र मी सांगत नाही.

शॅडोजमध्ये ती क्रूरता नाही, तिथे वेगळंच काहीतरी हळूच घुसतं. व्हियागो न्यूझीलंडला का आला? कॅथरीन नावाच्या मुलीच्या प्रेमापोटी. शवपेटीत बसून बोटीनं निघाला, पण नोकरानं टपालाची तिकिटं चुकीची लावली आणि पेटी दीड वर्ष भलतीकडेच फिरत राहिली. पोचला तोवर तिचं लग्न झालं होतं. हा प्रसंग सांगताना वायटिटी हसवतो, आपण हसतो. मग कधीतरी रात्री व्हियागो वृद्धाश्रमाच्या खिडकीबाहेर उभा असतो आणि आत नव्वदी ओलांडलेली एक म्हातारी बसलेली असते. संगीताचा फार कोलाहल नाही, कॅमेरा जवळ जात नाही. तिकिटांचा विनोद तोपर्यंत आपण विसरलेलो असतो, तो इथे परत येऊन वेगळ्या जागी लागतो. असा एखादा क्षण नसता तर हा सिनेमा चांगल्या प्रहसनांच्या मालिकेपलीकडे गेला नसता.

सगळंच जमलंय असं नाही. उत्तरार्धातला मुखवट्यांचा मेळावा मला सैल वाटतो. व्लादिस्लाव ज्या ‘राक्षसा’च्या नावानं सिनेमाभर थरथरतो, तो राक्षस म्हणजे त्याची जुनी प्रेयसी पॉलीन, हा खुलासा कागदावर जितका चांगला तितका पडद्यावर उतरत नाही. गर्दी जास्त, नजर कुठे ठेवायची ते कळत नाही. माझ्या हातात असता तर तिथून दोन मिनिटं नक्की गेली असती. वटवाघळांची मारामारी मात्र मी एक फ्रेमसुद्धा कमी केली नसती.

असे सिनेमे पाहायचे कसे, हा तुमचा दुसरा प्रश्न. एका बैठकीत पाहा, अंधारात, शक्यतो दोघा-तिघांबरोबर. मोकळेपणानं हसायला बरोबर कोणीतरी लागतं. उपशीर्षकं लावा, कारण न्यूझीलंडचे उच्चार आणि नटांनी मुद्दाम धरलेले युरोपी हेल यांत अर्धी वाक्यं निसटतात. भीती कधी वाटणार याची वाट बघू नका. आणि एखादी गोष्ट स्वस्त दिसली, की तिथेच जरा थांबून विचारा: ही इथे लपवायचा प्रयत्न झालाय, की पुढे आणून ठेवलीय? लपवायचा प्रयत्न झालेले सिनेमेच जास्त भरतील. तुम्हाला हौशी नाटक आठवलं ते बहुधा तशाच कुठल्यातरी सिनेमांच्या अनुभवावरून. पोलीस घरी येतात तो प्रसंग या कसोटीवर पाहा. संमोहनाचा नियम लागू आहे, म्हणून दोघा पोलिसांना भलतंसलतं काही खटकत नाही. ते घरभर फिरतात आणि तक्रार कशाची करतात, तर धूर ओळखणारा अलार्म बसवलेला नाही याची. संमोहनाचा एकही किरण, एकही चक्र पडद्यावर नाही. आहेत फक्त दोन कर्तव्यदक्ष चेहरे. हे दोन पोलीस लोकांना इतके आवडले, की पुढे त्यांची स्वतंत्र मालिका निघाली. सिनेमावरूनच निघालेली अमेरिकेतली मालिका तर २०१९ ते २०२४ अशी सहा हंगाम चालली. पण मूळ सिनेमा अमेरिकेतल्या थिएटरांत लावायला पैसे नव्हते म्हणून २०१५ मध्ये लोकवर्गणी काढावी लागली होती, आणि ती चार लाख डॉलरच्या वर जमली. म्हणजे डोक्यावर घेणाऱ्यांनी आधी खिशात हात घातला होता.

आता शेवटची गोष्ट. ‘दुसऱ्या दिवशी धड काही आठवेना’ असं तुम्ही लिहिलंय. श्रेयनामावली संपेपर्यंत थांबला होतात का? ती संपल्यावर डीकन थेट कॅमेऱ्याकडे बघतो, हात हलवतो आणि या सिनेमात जे पाहिलंत ते सगळं विसरून जा म्हणून प्रेक्षकांना संमोहित करायला बघतो. माझ्यावर तो प्रयोग कधी चालला नाही. तुमच्यावर चाललेला दिसतोय.